डाव्या दुमडीतली चिठ्ठी

माझ्या मामाला दोन गोष्टी उत्तम जमत: कोट शिवणं आणि राग धरणं. घाई त्याला दोन्हींत खपत नसे. कोटाला तो तीन आठवडे घ्यायचा आणि रागाला जितकी वर्षं लागतील तितकी. कोट घालून गिऱ्हाईक रुबाबदार दिसे, राग धरून मामा. गालांवर तजेला यायचा, पाठ ताठ व्हायची, कात्रीचा आवाजसुद्धा बदलायचा. मामी म्हणायची, "ह्यांना ताप आला तर औषध देऊ नका. घड्याळजींचं नाव काढा, उठून बसतील."

घड्याळजी म्हणजे मामाचा एके काळचा जिवलग आणि नंतर आयुष्यभराचा शत्रू. शत्रू म्हटलं तरी बसायचा मात्र हातभर अंतरावर, त्याच खोलीत, पडद्याच्या पलीकडे. मधल्या पडद्याची हकीगत पुढे येईलच.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी परकं सैन्य आमच्या गावात येऊन बसलं आणि त्याच आठवड्यात एका बाँबने घड्याळजीचं दुकान मातीला मिळवलं. तो रस्त्यात उभा होता, हातात एक भिंग आणि खिशात चिमटा. एवढंच उरलं होतं. मामा दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "उभा काय राहिलास? आत ये. अर्धं टेबल तुझं." तोवर दोघांची ओळख फक्त रस्त्यात मान हलवण्यापुरती होती.

त्या अर्ध्या टेबलावर पुढची तीन वर्षं जे चाललं ते परक्या सैन्याला शेवटपर्यंत कळलं नाही. घड्याळांचे सुटे भाग ज्या तलम कागदात गुंडाळून येतात, तो कागद घड्याळजीपाशी होता. भिंग लावून तो त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात निरोप लिहायचा. मामा तो कोटाच्या खालच्या दुमडीत शिवायचा. रस्त्यात झडती घेणारे शिपाई खिसे उलटे करत, बूट काढायला लावत, टोपीचं अस्तर फाडत. कोटाच्या दुमडीपर्यंत वाकायचा त्यांना कंटाळा. निरोप नेहमी दोन प्रतींत जायचा, एक उजव्या दुमडीत आणि एक डाव्या, म्हणजे पावसाने एक भिजली तर दुसरी शाबूत. कोट मिळालेल्या माणसाने अंगठा दुमडीवरून फिरवायचा, कागद कुरकुरला की टाका उसवायचा, वाचायचं आणि चिठ्ठी गिळायची. जाळायची नाही, फाडायची नाही. जाळली तर धूर होतो, फाडली तर तुकडे होतात. पोटात गेलेल्याची झडती कोण घेणार?

दोघांनी ह्याचा इतका सराव केला होता की मामा दुकानातल्या पावत्यासुद्धा वाचून तोंडाकडे नेऊ लागला. मामीने एकदा त्याच्या हातातून तिच्या माहेरचं पत्र वेळेवर ओढून घेतलं.

मग एक दिवस शत्रूचा एक अधिकारी गणवेश सैल करून घ्यायला दुकानात आला. मामाने त्याला "कात्री धार लावायला दिलीय" असं सांगून वाटेला लावलं, शेजारी पाच कात्र्या टांगलेल्या असताना. तो गेल्यावर घड्याळजी म्हणाला,

"घे ते काम."

"त्यांचे कपडे शिवण्यापेक्षा मी बोटं कापून घेईन."

"अरे, डोकं वापर. जाड अस्तर मागितलं की तो उत्तरेला चालला. गुरुवारच्या आत हवं म्हणाला की गुरुवारी निघाला. असली बातमी मला लाख घड्याळं उघडून मिळणार नाही."

"आणि उद्या लोक म्हणतील, हा शत्रूचा शिंपी."

"लोकांनी विचारलं तर मी सांगेन. तू शिव. तुझं नाव माझ्यावर."

मामाने शिवलं. साठ-सत्तर गणवेश शिवले, प्रत्येक टाक्याला एक शिवी घातली आणि प्रत्येक मापाची बातमी दुमडीतून बाहेर धाडली. त्यातल्या किती बातम्या कामाला आल्या ते लढाई जिंकणाऱ्यांना माहीत. मामा मात्र पुढे आयुष्यभर म्हणायचा, "उत्तरेच्या टेकडीवर त्यांचा धुव्वा उडाला ना, तो कंबरेत दोन इंच सैल केल्यामुळे."

आता गंमत अशी की तीन वर्षं एका टेबलावर बसून ह्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं, की शत्रू गेल्यावर काय? वेळच नव्हता. शत्रूला शिव्या घालणारा प्रत्येक माणूस आपला, एवढं तत्त्वज्ञान पुरत होतं.

शांतता झाली त्या दुपारी दोघे दुकानाच्या दारात खुर्च्या टाकून बसले होते. रस्त्यात लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. घड्याळजीचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "आता बघ. आता सगळ्यांना सारखा कोट मिळेल."

मामाने मान वळवली. "सारखा म्हणजे?"

"म्हणजे सारखा. एकच कोट, सगळ्यांना."

"एकाच मापाचा?"

"तीन मापं ठेवू हवी तर."

मामाच्या म्हणण्यानुसार त्याच्या छातीत काहीतरी तुटलं. बिचाऱ्या घड्याळजीला वाटत होतं की तो जगातलं सर्वांत सुंदर स्वप्न सांगतोय. त्याच्या दृष्टीने समाज म्हणजे घड्याळ: प्रत्येक चाक आपल्या जागी, एक किल्ली आणि सगळ्यांची वेळ एक. मामाच्या दृष्टीने समाज म्हणजे गिऱ्हाइकांची रांग: एकाला पोक, एकाला पोट, एकाचा हात आखूड, आणि देवाने दोन माणसं एका मापाची केलेली त्याने पाहिली नव्हती. दोघांचंही तत्त्वज्ञान आपापल्या टेबलावर तयार झालेलं, त्यामुळे ते हटवणं शक्य नव्हतं. सहा महिन्यांत घड्याळजी एकजूट पक्षात गेला. मामा मोकळीक पक्षात गेला, मुख्यतः घड्याळजी तिथे नव्हता म्हणून.

पहिला बळी "तू" ह्या शब्दाचा पडला. बाँबच्या वर्षावात "अरे गाढवा" म्हणणारे हे दोघे आता "आपण जरा खुर्ची सरकवाल का?" म्हणू लागले. मग मामाने शिंप्याच्या खडूने जमिनीवर रेघ ओढली. रेघ पुसली जायची, म्हणून पडदा आला. तो मामानेच शिवला, आणि पलीकडच्या बाजूचे टाकेही तितकेच सुबक घातले. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला बघायला वाईट काम मी का द्यावं? उद्या तेच दाखवत फिरेल." खिडकी मामाच्या बाजूला राहिली आणि शेगडी घड्याळजीच्या. त्यामुळे मामा लख्ख उजेडात कुडकुडत शिवायचा, आणि घड्याळजी भर दुपारी दिवा लावून घाम पुसायचा. पडदा हातभर बाजूला केला असता तर दोघांचं भागलं असतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

बायकांनी मात्र ही फाळणी मान्य केली नाही. मामी आणि घड्याळजीची बायको पडद्याच्या टोकाशी उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या, एकीचा पाय मोकळीक पक्षात, दुसरीचा एकजूट पक्षात.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग शांततेच्या तिसऱ्या वर्षी नगरपालिकेने मुलींची शिवणशाळा काढली आणि मामाने मुख्य शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. त्याच्याइतका हात गावात कोणाचाच नव्हता. पण लढाईतल्या वागणुकीचा दाखला लागे. पालिकेत एकजूट पक्षाचं बहुमत होतं, सभासद होता घड्याळजी, आणि मामाबद्दल लिहायला सांगितलं त्यालाच. निवड समितीच्या अध्यक्ष होत्या गावातल्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांनी तो कागद भरल्या सभेत मामासमोर आपल्या वर्गातल्या खणखणीत आवाजात वाचला. त्यात एकच वाक्य होतं: "सदर गृहस्थ शत्रूच्या अधिकाऱ्यांचे कपडे शिवत असत."

मामाने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. बाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

जागा गेली. ती गेली तर गेली. आठवड्याच्या आत दुकानाच्या दारावर कोणीतरी खडूने लिहिलं: शत्रूचा शिंपी. मामीने ते तीनदा पुसलं. लोक तोंडावर काही बोलेनात, फक्त कोट दुसरीकडे टाकू लागले. मामाने पडद्याला उद्देशून विचारलं,

"आपण पुढचं का नाही लिहिलंत?"

पलीकडून शांत आवाज आला. "प्रश्न होता, शिवत होते का? उत्तर लिहिलं."

"आणि माझं नाव आपल्यावर होतं, त्याचं काय?"

"तुम्ही त्या मुलींना एकेकीचं वेगळं माप घ्यायला शिकवलं असतंत. शाळेचं धोरण वेगळं आहे."

त्या दिवसापासून त्याच्या गालांवर तो प्रसिद्ध तजेला आला. त्याला एकच हवं होतं: ज्यांनी अर्धं वाक्य ऐकलं, त्या सगळ्यांनी उरलेलं अर्धं ऐकावं, आणि घड्याळजी तेव्हा समोर उभा असावा. रोज दुपारी पुतळ्याला कोट घालून तो त्याच्यासमोर भाषणाची तालीम करायचा. पुतळ्याला डोकं नव्हतं, त्यामुळे तो उत्तम श्रोता होता. "अरे अर्धवटा," इथून भाषण सुरू व्हायचं आणि घड्याळजीच्या आजोबांपर्यंत जायचं.

सात वर्षं तालीम झाल्यावर संधी आपल्या पायांनी दुकानात आली. पाय घड्याळजीच्या बायकोचे होते. तिच्या काखेत करड्या लोकरीचं कापड होतं.

"भावजी, माझ्या भावासाठी कोट हवाय."

"भाऊ कुठे आहे?"

"तो लांब असतो. मापं आणलीत मी."

मामाने मापांची चिठ्ठी वाचली. (आणि मामीने लगेच ती त्याच्या हातातून काढून घेतली.)

"वहिनी, तुमच्या भावाचाही उजवा खांदा दोन बोटं खाली?"

"हो. आमच्या घराण्यातच आहे."

"भिंगावर वाकून वाकून झालाय असं वाटतं मापावरून."

"तो वाचतो फार."

पडद्यापलीकडे घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. एरवी तिथे कोणीतरी खोकायचं.

गोष्ट अशी होती की शांततेला दहा वर्षं झाल्याबद्दल पालिकेच्या सभागृहात समारंभ होता, मुख्य भाषण घड्याळजीचं होतं, आणि पालिकेच्या भांडारातला सगळ्यांसाठीचा तो तीन मापांतला कोट त्याच्या अंगावर खुंटीवरून घसरल्यासारखा दिसत होता. त्याचा खांदा लपवणारा हात गावात एकच होता. हे त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि मामाला तर त्याचा खांदा तोंडपाठ होता.

मामीला वाटलं, आता मामा एक बाही आखूड करणार. पण मामाने त्या खांद्यावर आठ दिवस घातले. आत कापसाचे पातळ थर असे बसवले की कोट टांगला तरी दोन्ही खांदे समांतर. मामी म्हणाली,

"अहो, वैऱ्यासाठी एवढं?"

"खांदा माझा आहे, त्याचा नाही. लोक खांदा बघून शिंपी ओळखतात."

"मग सूड कुठे घेताय?"

"खाली."

मग त्याने कपाटातून जपून ठेवलेला तलम कागद काढला आणि दुमडीशी वाकला. मामीने डोकावून पाहिलं.

"काय घालताय आत?"

"अस्तर."

"अस्तराला लिहितावाचता येतं का हो हल्ली?"

मामाचं अक्षर भोपळ्याएवढं, त्यामुळे सात वर्षांच्या भाषणातलं पहिलंच पान मावेना. काटछाट करत तो पाच छोट्या वाक्यांवर आला. त्याचा डाव साधा होता: घड्याळजी अस्वस्थ झाला की त्याचा अंगठा आपोआप कोटाच्या दुमडीवरून फिरतो. दहा वर्षांत सवय गेली नव्हती. भर भाषणात कागद कुरकुरेल, तो काढेल, वाचेल, आणि सगळ्यांसमोर त्याची वाचा बसेल. मग मामा उठेल आणि "अरे अर्धवटा"पासून सुरुवात करेल.

समारंभाला सगळा गाव होता. आम्ही नवव्या रांगेत, मामा अगदी कडेला, उठायला सोपं जावं म्हणून. घड्याळजी मंचावर आला आणि लोक क्षणभर पाहतच राहिले. माणूस सरळ दिसत होता. मामाच्या तोंडून "बसलाय कोट," एवढंच निघालं, आणि तो आवाज सुडाचा नव्हता.

घड्याळजी रंगात आला. निरोप कसे लिहिले, भिंग कसं लावलं, दोन प्रती कशा असत, उजवीकडे एक, डावीकडे एक. शिवण्याचा भाग त्याने "एका शिंप्याकडून" असा उरकला. मामाची खुर्ची करकरली. "...आणि मग अंगठा असा फिरवायचा," घड्याळजी म्हणाला आणि त्याने अंगठा फिरवला.

कागद कुरकुरला. नवव्या रांगेत ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मामा म्हणायचा, त्याने ऐकला.

घड्याळजी थांबला. खिशातून चिमटा काढला. उजव्या दुमडीचा टाका उचकटून चिठ्ठी बाहेर काढली, भिंग डोळ्याला लावलं, वाचली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मामा अर्धा उठला.

आणि घड्याळजीने चिठ्ठी तोंडात घातली आणि गिळली.

तो सांगत असे की त्याने ते मुद्दाम केलं नाही. मीही तेच मानतो. दुमडीतली चिठ्ठी वाचून झाल्यावर हात दुसरीकडे कुठे जायचं शिकलाच नव्हता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक दाखवलं. मागच्या रांगांतून कोणी "पुन्हा, पुन्हा" म्हणालं. मामा तसाच अर्धा उभा. सात वर्षांचा राग पाण्याच्या घोटाशिवाय गिळला गेला होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतून तो वर्गातला आवाज आला. मोठ्या बाई आता निवृत्त होत्या, पण गृहपाठ तपासायची सवय निवृत्त झाली नव्हती.

"आणि डावीकडची?"

"डावीकडे काही नाही," घड्याळजी म्हणाला.

"आत्ताच म्हणालात, प्रती नेहमी दोन असतात."

"ते तेव्हा."

"बघू तरी." बाई काठी टेकत मंचावर चढल्या, त्यांनी त्याच्या हातातून चिमटा घेतला आणि आयुष्यभर मुलांच्या खिशांतून गोट्या काढलेल्या हाताने डावी दुमड उसवली. मामाने मामीकडे पाहिलं. दोन प्रती करायच्या असं त्याने ठरवलंच नव्हतं. चिठ्ठी शिवायची म्हणजे दोन्हींकडे शिवायची, इतकंच त्याच्या हाताला माहीत होतं.

बाईंनी कागद लांब धरला आणि सात वर्षांपूर्वीच्याच आवाजात वाचला:

"शत्रूचे कपडे मी शिवले. शिव असं सांगणारा माणूस म्हणजे हा कोट घालणारा. लोकांनी विचारलं तर सांगेन म्हणाला होता. विचारलं. सांगितलं नाही."

बाईंनी कागद खाली घेतला.

"खरं आहे हे?" बाईंनी विचारलं.

घड्याळजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. माणूस काटेकोर होता, खोटं बोलणं त्याच्या यंत्रात नव्हतं. "खरं आहे."

"मग मला अर्धंच का वाचायला लावलंत?"

घड्याळजी भिंग पुसू लागला. सगळ्या माना मामाकडे वळल्या. मामा उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता आजोबांपर्यंत जाणार. पण समोर डोकं असलेला माणूस पाहून त्याला एकही ओळ आठवेना. शेवटी तो म्हणाला,

"उजवा खांदा दोन बोटं खाली आहे त्यांचा. कुणाला दिसतोय का, सांगा."

सगळ्या गावाने घड्याळजीचा खांदा निरखून पाहिला. पुढे झुकून, मान तिरकी करून, बोटांनी हवेत मापं घेत. घड्याळजी लाल होत होत उभा राहिला. ती दोन मिनिटं मामाने पुढे आयुष्यभर चघळली.

महिन्याभरात शिवणशाळेची जागा मामाला मिळाली. खडूवाल्याने पुन्हा काही लिहिलं नाही. गिऱ्हाइकं परतली. मामाने ठरवलं की आपण जिंकलो.

पण समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घड्याळजी खिडकीसमोरून गेला होता. अंगात तोच कोट. दोन्ही दुमडी उसवलेल्या, अस्तर लोंबतंय, दोरे वाऱ्यावर. तो खिडकीपाशी दोन पावलं जास्तच रेंगाळला. कोणी विचारलं, "अहो, हे काय?" तर तो दुकानाकडे बोट दाखवायचा. "ह्यांनी शिवलाय." दुकानात आल्यावर तो कोट खुंटीला अशा बेताने टांगायचा की लोंबतं टोक पडद्याखालून चार बोटं अलीकडे दिसावं.

मामाचा जीव कासावीस झाला. त्याच्या हातचा, त्या खांद्याचा कोट गावभर फाटका फिरत होता. घड्याळजीची बायको म्हणाली, "भावजी, ते आंघोळीला गेले की आणून देते. दोन मिनिटांचं काम."

"नाही. त्याने स्वतः आणावा. शिवून दे म्हणावं."

पडद्यापलीकडून आवाज आला. "मागितला तर देऊ."

मामाने मागितला नाही. घड्याळजीने दिला नाही. करड्या दोऱ्याचं एक रीळ, बरोबर त्याच रंगाचं, मामाने वरच्या खणात वेगळं ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला त्या रंगाचा दोरा लागला तर तो नवा आणायचा, ते रीळ मोडायचा नाही. हे अकरा वर्षं चाललं.

मग मामा गेला. दुपारची वेळ होती, घर माणसांनी भरलं होतं. घड्याळजी आला तेव्हा सगळे बाजूला झाले. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण खांदे एका रेषेत. कोट तोच, अस्तर तसंच लोंबतंय. तो मामाशेजारी येऊन उभा राहिला. अंगठा दुमडीवरून फिरत होता.

मामी उठली, वरच्या खणातून ते रीळ काढलं, सुई ओवली.

"द्या इकडे. दोन टाके घालते. आता तरी."

घड्याळजीने कोट मागे ओढला.

"नको," तो म्हणाला. "बघू दे त्याला."

"डोळे मिटलेत हो त्यांचे."

"तुम्ही ओळखत नाही त्याला," घड्याळजी म्हणाला, आणि लोंबतं टोक मामाच्या तोंडासमोर येईल असा जरा पुढे सरकून उभा राहिला.